छंद? छे हो!

हायस्कुलात नोकरी करणाऱ्या माणसाने दोन गोष्टींचा पत्ता मुख्याध्यापकांना लागू द्यायचा नसतो. एक, आपल्याला अमुक गोष्ट बरी जमते. आणि दोन, ती करताना आपल्याला मजा येते. पहिलीचा पत्ता लागला की ते काम गळ्यात पडतं. दुसरीचा लागला की 'तुम्हाला आवडतंच की!' असं म्हणून ते निवृत्तीपर्यंत गळ्यात राहतं. हे कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नाही, पण आमच्या स्टाफरूममध्ये कुणालाही विचारा, प्रत्येकाकडे दाखवायला एकेक जखम आहे.

चित्रकलेच्या सरांचंच घ्या. गृहस्थ जलरंगात नदीकाठ असा उतरवतात की कागद ओला राहिलाय की पाणीच आहे, कळू नये. पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांना नदीवर जायला फुरसत मिळालेली नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची तयारी हे त्यांचं काम, ते ते आनंदाने करतात. बाकीचा वेळ फलकलेखन, प्रमाणपत्रांवर नावं घालणं, निरोप समारंभाची कमान, आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या घरात लग्न निघालं की थर्माकोलचं 'सुस्वागतम्'. हिंदीच्या बाई संगीत विशारद आहेत. त्या मनासारखा यमन शेवटच्या कधी गायल्या हे त्यांनाही आठवत नाही. ईशस्तवन आणि स्वागतगीत मात्र झोपेतून उठवलं तरी पेटीशिवाय म्हणतील. २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं, तेव्हा परिपाठात ते बसवण्यासाठी मुख्याध्यापक साहेबांनी स्टाफवरून नजर फिरवायचं नाटकसुद्धा केलं नाही. थेट बाईंकडेच बघितलं. भूगोलाच्या सरांनी सातव्या वेतन आयोगाच्या फरकात हौसेने भारीतला कॅमेरा घेतला. हरिश्चंद्रगडावरून सूर्यास्त टिपायचा होता त्यांना. सध्या ते वृक्षारोपण टिपतात. एकाच खड्ड्याजवळ वेगवेगळे पाहुणे, हातात तेच रोप.

सगळ्यांत शहाणे इंग्रजीचे सर. रुजू झाल्या दिवसापासून त्यांनी एकच वाक्य धरून ठेवलंय, 'आपल्याला बुवा यातलं काही कळत नाही.' गावाकडे ते अप्रतिम पखवाज वाजवतात अशी कुजबुज आहे. आषाढीच्या सुमारास त्यांची पाठ दरवर्षी न चुकता धरते आणि ते आजारपणाची रजा टाकतात, एवढंच आम्हाला ठाऊक. विचारायची हिंमत कुणाला नाही, आणि खरं तर विचारणं हे पापच.

मी गणित शिकवतो आणि पक्षी बघतो. दुसरी गोष्ट मी बरीच वर्षं झाकून ठेवली होती. दुर्बीण डब्याच्या पिशवीत, पक्ष्यांचं पुस्तक प्रश्नपेढीच्या कव्हरात, आणि पहाटे गावाबाहेरच्या पाझर तलावावर. पण तालुक्याच्या गावात झुडपाआड उकिडवा बसलेला मास्तर फार काळ लपत नाही. एका सकाळी दहावी अ मधल्या एका पोराचे वडील दुधाच्या किटल्या घेऊन बांधावरून चालले होते. थांबले.

"सर, इकडं कुठं?"

"फिरायला आलो होतो."

"दुर्बीण घेऊन?"

मी शेकाट्या दाखवला. लालचुटूक लांब पायांवर तो पाण्यात असा चालला होता की जणू चपला हातात धरून ओढा ओलांडतोय. वडिलांनी दुर्बीण डोळ्याला लावली, पक्षी सोडून समोरचा डांबरी रस्ता बारकाईने पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगा, बायपास आमच्या शेतातनं जातोय का?"

शाळा भरेपर्यंत गावात दोन बातम्या होत्या. गणिताच्या सरांना मोजणी खात्यात घेतलंय ही पहिली. दुसरी शिपायामार्फत साहेबांच्या केबिनपर्यंत पोचली आणि ती दुर्दैवाने खरी होती.

"सर, इतके दिवस बोलला नाहीत!" साहेबांना मनापासून आनंद झाला होता. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून डॉ. सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, हे त्यांना माहीत होतं. कारण त्याचा अहवाल वर पाठवावा लागतो. राष्ट्रीय हरित सेनेची, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण गटाची, फाइल त्यांनी माझ्याकडे सरकवली. वर म्हणाले, "तुम्हाला आवडतंच की."

तेव्हापासून शाळेच्या आवारात जे जे उडतं ते माझ्या खात्यात जमा आहे. आठवी ब च्या पंख्यावर चिमणीने घरटं केलं, सरांना बोलवा. प्रयोगशाळेत पिंगळा शिरला, सरांना बोलवा. पाण्याच्या टाकीखाली मधमाश्या बसल्या तेव्हाही बोलावलं, त्याही उडतात म्हणून. अध्यक्षांकडे पिंजऱ्यात पोपट आहे, तो हल्ली बोलत नाही, म्हणून मला मुद्दाम बंगल्यावर नेण्यात आलं. आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण माझा निवडश्रेणीचा, म्हणजे वरच्या पगाराचा, प्रस्ताव अध्यक्षांच्या सहीसाठी टेबलावरच होता. मग मीही पोपटासारखाच गप्प बसलो. मिरची द्या म्हणालो.

हे सगळं एक वेळ परवडलं. वर्गात झालं ते भयंकर.

दहावी अ मध्ये समरूपता चालू होती. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय. त्रिकोण काढला, बाजूला समांतर रेषा ओढली, 'पक्ष' लिहिलं, आणि मागच्या बाकावरून हात वर आला. भूमितीत त्या बाकावरून हात वर येणं ही आनंदाची गोष्ट असते, म्हणून मी लगेच खडू थांबवला.

"सर, शंका. आमच्या आमराईत एक पांढरा पक्षी आला होता. डोकं काळं आणि शेपटीला दोन लांब रिबिनी."

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय करावं? स्वर्गीय नर्तक आमराईत येतो आणि पोराला तो काय आहे ते माहीत नसतं! मी सांगितलं. नर मोठा झाला की पांढरा होतो, लहानपणी तांबूस असतो, मादीला रिबिनी नसतात. त्रिकोण पुसून त्या जागी शेपटी काढली. घंटा झाली तेव्हा फळ्यावर 'साध्य' च्या खाली एक सुंदर पक्षी होता आणि प्रमेय होतं तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी खंड्या, तिसऱ्या दिवशी 'सर, वेड्या राघूला वेडा का म्हणतात?' वर्गात एवढी जिज्ञासा मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. वह्या तपासताना उलगडा झाला. एका वहीच्या शेवटच्या पानावर, समास सोडून, पट्टीने आखलेला तक्ता होता:

सोम – रोल नं. ७ – तांबट.
मंगळ – रोल नं. २२ – सुगरण (घरटं पण विचारणे).
बुध – रोल नं. ३१ – हळद्या.
गुरु – चाचणीचे पेपर मिळणार – गरुड. सगळ्यांनी विचारणे.

मी इतकी वर्षं दैनिक टाचण काढतोय, इतकं नेटकं एकही निघालं नाही. खाली शेरा मारायला लाल पेन उचललं आणि 'छान' लिहून ठेवून दिलं.

पक्षी सप्ताहात नववी-दहावी घेऊन तलावावर जाणं आलंच. निघताना मी अर्धा तास बजावलं होतं: आवाज करायचा नाही, पळायचं नाही, बोट दाखवायचं नाही. पोरं खरोखर गप्प होती. इतकी गप्प, की पीटीच्या सरांना संशय आला. काठावर चक्रवाकाची जोडी होती, केशरी, उन्हात न्हालेली. पलीकडे शेकाट्यांचा थवा. मी कुजबुजत हात वर केला, तेवढ्यात दोन पोरी हसल्या. सरांनी शिस्त लावण्यासाठी कंबरेची शिट्टी तोंडात घातली आणि २६ जानेवारीच्या संचलनाला फुंकतात तशी फुंकली.

तलाव रिकामा झाला. एका म्हशीच्या पाठीवरचा गाय बगळा तेवढा राहिला. त्याला बहुधा शाळेची सवय असावी.

भूगोलाच्या सरांनी तरीही फोटो काढले. त्यात सगळी मुलं निरभ्र आकाशाकडे बोट दाखवताहेत. मुलांच्या वह्यांत 'आढळलेले पक्षी: १) बगळा' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. अहवालात साहेबांनी त्याचं 'स्थानिक व स्थलांतरित अशा विविध प्रजाती' केलं आणि दोन दिवसांनी पेपरात आलं, 'विद्यार्थ्यांनी लुटला पक्षिनिरीक्षणाचा आनंद'. मथळ्याखालच्या फोटोत शिट्टी स्पष्ट दिसते.

यंदा जूनमध्ये विज्ञानाच्या नव्या बाई आल्या, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन. स्वागताची सभा होती. हिंदीच्या बाईंनी स्वागतगीत म्हटलं, चित्रकलेच्या सरांचा फलक मागे होता, भूगोलाचे सर खुर्चीवर चढून फोटो काढत होते. साहेबांनी चष्मा पुसला आणि प्रेमळपणे विचारलं, "मॅडम, आपले छंद कोणते?"

स्टाफ एकसाथ खोकला. पीटीच्या सरांनी टेबलाखालून पाय पुढे केला, तो मला लागला. पण बाई नवीन होत्या. इशारा कळला नाही. त्यातल्या त्यात निरुपद्रवी काहीतरी बोलावं म्हणून त्या नम्रपणे म्हणाल्या, "विशेष काही नाही सर. थोडंफार वाचन."

साहेबांचा चेहरा उजळला. आमचे ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलेली नाही. ग्रंथालयाच्या कपाटांत सध्या जुन्या उत्तरपत्रिका, लेझीम आणि एक पंक्चर झालेला व्हॉलीबॉल असतो. साहेबांनी ड्रॉवर उघडून किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या हातावर ठेवला आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचा अहवाल फोटोसह कसा पाठवायचा, ते तिथल्या तिथे समजावून सांगितलं.

चहा आला तेव्हा बाई अजून किल्ल्यांकडेच बघत होत्या. इंग्रजीचे सर शेजारी सरकले आणि बशीत चहा ओतता ओतता हळूच म्हणाले, "मॅडम, झोप सांगायची असते."