'संजीवनी कुजली' या तक्रारीला नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

'अडीचशे रुपयाला संजीवनी म्हणून वाळका गोळा दिला, चौथ्या दिवशी वास मारायला लागला, मारुतीच्या नावावर फसवतात' असं लिहून तुम्ही एकच स्टार दिलात. फसवणूक म्हटलंय, म्हणून इथंच सगळ्यांसमोर बोलतो.

आधी आमचं चुकलं ते. पाटीवर 'संजीवनी' लिहायला नको होतं. हे झाड म्हणजे बाहेर 'रोझ ऑफ जेरिको' म्हणून विकतात ते, मेक्सिको-टेक्सासकडच्या चिहुआहुआ वाळवंटातलं. आपल्याकडं संजीवनी म्हणून विकतात ती मध्य भारतातल्या डोंगरातली. याची चुलत बहीण म्हणा, पण वेगळी. पाटी काल काढली. शिवाय दुकानातल्या पोरानं 'पाण्यात ठेवा, उघडतंय' एवढंच सांगितलं, पुढचं सांगितलंच नाही.

आता तुमचे फोटो. स्टीलच्या वाडग्यात झाड गळ्यापर्यंत बुडालंय, मधोमध पांढरी बुरशी, पाणी पिवळं. चारही दिवस तेच पाणी होतं ना? हे झाड अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गेलं तरी मुठीसारखं मिटून वर्षानुवर्षं पडून राहतं. त्याला मारतं ते जास्तीचं पाणी. त्यात आपला आषाढ, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस सुकत नाहीत.

पसरट ताटलीत खडे घाला. पाणी मुळांना लागेल एवढंच, आणि रोज बदलायचं. नळाचं असेल तर रात्रभर बादलीत ठेवून. पावसाचं सगळ्यात चांगलं, आणि बेळगावात त्याला काय तोटा! आठवडाभरानं बाहेर काढून खडखडीत वाळवा, काही दिवस तसंच राहू द्या. देव्हाऱ्यात नको, खिडकीशी ठेवा.

एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. मेलेलं झाडही पाण्यात उघडतं. काड्याच तशा, पाणी प्याल्या की सरळ होतात. म्हणून नुसतं उघडलं यावर जाऊ नका, मधली टोकं हिरवी होतात का बघा. तुमच्या दुसऱ्या दिवसाच्या फोटोत ती हिरवी दिसतात. दिलं तेव्हा झाड जिवंत होतं, एवढंच माझं म्हणणं.

टाकू नका अजून. बुरशी धुऊन पंख्याखाली उलटं टांगा. वाळल्यावर मधला गड्डा बोटाला घट्ट लागला तर आशा आहे. लिबलिबीत झाला असेल तर गेलं. तसं असलं तर खानापूर रोडला घेऊन या, दुसरं देतो, नको असेल तर पैसे परत. फक्त मंगळवारी येऊ नका, बंद असतं.