आजोबांची बुलेट, रिक्षाचं काळीज

आजोबांची बुलेट गोठ्याच्या कडेला पंधरा वर्षं उभी आहे. टाकीवर कोंबड्या बसतात, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय. आरसी बुकावर साल १९६९. उभी राहिली तेव्हा फक्त धूर मारत होती. एखादा शहाणा म्हणेल, बोअर करून घ्या, नवा पिस्टन टाका, पॉइंट घासा, सुरू होईल. या माणसाला चहासुद्धा विचारू नका. दुरुस्ती काय, कोणीही करतं. तुमचं गाडीवर प्रेम आहे, आणि प्रेम म्हटलं की आधी तिचं काळीज काढून बाजूला ठेवायला हवं.

काळजाच्या जागी बसवायला भंगार बाजारातलं तीनचाकी रिक्षाचं डिझेल इंजिन बघा. डिझेल स्वस्त पडतं, हे कारण घरात सांगायला बरं. लिटरमागे फरक आता एका चहापुरता उरलाय, तो हिशेब बायकोला करू देऊ नका. पूर्वी लोक खरोखरच बुलेटला डिझेल इंजिन बसवून घ्यायचे आणि रॉयल एनफिल्ड कंपनीनेही टॉरस नावाची डिझेल बुलेट काढली होती, हे मात्र आवर्जून सांगा. तिच्यात ग्रीव्ह्ज लोंबार्डिनीचं ३२५ सीसीचं इंजिन होतं, ताकद साडेसहा अश्वशक्ती. आजोबांच्या पेट्रोल इंजिनाची ३४६ सीसीला अठरा. मधले साडेअकरा घोडे कुठं गेले, असं कुणी विचारलं तर ॲव्हरेजचा विषय काढा.

मिस्त्री निवडताना एकच कसोटी लावा. त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधीच निघता कामा नये. तो टेपने इंजिन मोजेल, मग फ्रेम मोजेल, आणि म्हणेल, "मालक, इंजिन बसतंय की. फ्रेमच जरा लहान हाय."

आता गंमत अशी, की जुन्या बुलेटची फ्रेम खालून उघडी असते. पुढून एक नळी खाली येते आणि तिथंच संपते. तिथून मागच्या चाकापर्यंतचा पूल म्हणजे खुद्द इंजिन आणि त्याच्या पाठीला बोल्टने जोडलेली गिअरबॉक्स. इंजिन उतरवलं की गाडीचा तळच नाहीसा होतो. ज्यांनी ही फ्रेम आखली, त्यांना तुम्ही येणार याची कल्पना नव्हती. मिस्त्री दोन अँगल आणेल, खाली पाळणा करेल, वेल्डिंग मारेल. पाळण्यात इंजिन बसलं की वर टाकीला लागेल, मग टाकी पोटातून ठोकून घ्यायची. पंख्याचं कव्हर गुडघ्याला लागेल. गुडघा ठोकता येत नाही, तेव्हा फुटरेस्ट बाहेर सरकवायचा. फुटरेस्ट सरकला की ब्रेकपर्यंत पाय पोचत नाही. ब्रेकचं नंतर बघू, असं मिस्त्री म्हणेल. तुम्हीही म्हणा.

मग प्रायमरी चेन, म्हणजे इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी साखळी. इंजिनाचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, आणि क्लचचं स्प्रॉकेट एका रेषेत यायला हवं. ते सूतभर हुकलं तरी चेन दात खाते, आणि हुकतंच. लेथवाल्याकडे चार फेऱ्या धरा. त्यात हे इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या आसपास दमतं, आजोबांचं पाच हजारांच्या पुढे हसत जायचं. वेग हवा म्हणून इंजिनाचं स्प्रॉकेट मोठं केलं की गाडी चढाला रडते, लहान केलं की सपाटीवर सायकलवाला मागे वळून बघतो. बघू द्या.

आणि थरथर! आजोबांचं पेट्रोल इंजिन हवा सहा-सात पट दाबायचं, डिझेल अठरा पटींच्या घरात. एकाच सिलिंडरचा तो दणका प्रत्येक फेरीआड तुमच्या मणक्यात जमा होतो. आरशात मागची एक गाडी तीन दिसेल, त्यामुळे आपण फार पुढे आहोत असं वाटून बरं वाटेल. पहिल्या महिन्यात नंबरप्लेट पडेल, दुसऱ्या महिन्यात वेल्डिंगला तडा जाईल. रोज सकाळी पाना घेऊन नट आवळायचे. योगासनं करणारेही रोजच करतात.

हेडलाइटच्या डोक्यावरचा ॲमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा, तेवढा काढू नका. आजोबा किक मारण्याआधी डिकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका, दाबून, किक हळूच खाली नेत ॲमीटरचा काटा मधोमध आणायचे, क्षणभर थांबायचे, आणि मग एकच किक. घाई करणाऱ्याला तीच किक उलटून घोटा दाखवायची. डिझेलला ठिणगीच लागत नाही, तेव्हा काटा कुठंही असला तरी चालतं. तो नुसता थरथरत राहतो. छान दिसतो.

पाहुण्यांपुढे ट्रायटनचं नाव घ्या. इंग्लंडात नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन घालून पोरांनी अख्खी परंपरा उभी केली. तिथं उत्तम फ्रेमला त्याहून जोरदार इंजिन मिळत होतं, हा बारीक तपशील गाळला तरी चालेल.

राहता राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत फेरफार मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने तुरुंगवास होऊ शकतो. पाळणा, टाकी, फुटरेस्ट, इंजिन. बोटं मोजू नका, उगीच झोप उडते. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. आजोबांची गाडी वयाने त्यात अलगद बसली असती. अट एवढीच, की चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं.

मूळचं इंजिन? ते मिस्त्रीच्या गॅरेजात कोपऱ्यात पडलंय. शेवटचं बिल चुकवताना हजार-दोन हजार कमी पडतील, तेव्हा तो फार मोठ्या मनाने म्हणेल, "ऱ्हाऊ द्या मालक, ते भंगार हितंच ठेवा, मिटलं." तुम्हीही सुटकेचा श्वास टाका.

दोन-तीन महिन्यांनी पहाटे पाना घेऊन तुम्ही अंगणात नट आवळत बसाल. वेशीकडून एक आवाज येईल, संथ, भरदार, मोजून पडणारा ठोका. गोठ्यातली म्हातारी गाय कान टवकारेल. आतून आजी विचारेल, "आलं का रं तुझं आजोबा?"

मिस्त्री असेल. हात करून पुढे जाईल.