गोडाची तल्लफ आणि २१ दिवसांची शपथ

एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय: गोड खावंसं वाटलं की समजा, शरीर मॅग्नेशियम मागतंय. साखर कोकेनपेक्षा व्यसनी, तेव्हा २१ दिवस ती पूर्ण बंद. मध मात्र हवा तेवढा खा.

मॅग्नेशियमचं आधी बघू. साखरेत ते जवळपास नसतंच. शरीर खरंच मागत असतं तर भोपळ्याच्या बिया खुणावल्या असत्या, बिस्किटाचा पुडा नव्हे. कमतरतेशी खरोखर जोडलेली एक तल्लफ डॉक्टरांना माहीत आहे: लोह कमी असलेल्या काहींना बर्फ चघळावासा वाटतो. आणि बर्फात लोह कुठे असतं?

कोकेनची गोष्ट मुख्यतः २००७ सालच्या एका फ्रेंच प्रयोगावरून आली. बहुतेक उंदरांनी कोकेन सोडून गोड पाणी निवडलं, हे खरं. पण ते पाणी गोड केलं होतं मुख्यतः सॅकरीननं, म्हणजे साखर नसलेल्या कृत्रिम गोडव्यानं; साखरेच्या पाण्यावरही निकाल तसाच आला. त्यातून गोड चवीची ओढ दिसते, साखरेचं व्यसन सिद्ध होत नाही. साखरपाण्यावर अधाशासारखे तुटून पडणारे उंदीर वेगळ्या प्रयोगांतले. त्यांना रोज १२ तास उपाशी ठेवून मग ते पाणी मिळायचं. ज्यांच्यापुढे ते सदैव होतं, त्यांच्यात ही लक्षणं दिसली नाहीत. ही अट मेसेजमधून नेमकी गळते, कारण ती ‘पूर्ण बंद’च्या सल्ल्यालाच अडचणीत आणते.

२१ हा आकडा प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांचा, १९६० चा. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘किमान’ वाटेत सांडलं. पुढे लंडनमध्ये नवी सवय जडायला लागणारे दिवस मोजले तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज.

मधात सुमारे ८० टक्के साखरच असते. चमचाभर मध साखरेपेक्षा जड, म्हणून त्यातून साखर उलट जास्त जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या साखरेच्या रोजच्या मर्यादेत मध आणि फळांचा रसही मोजला जातो: २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५.

आता हिशेब चहाच्या कपात बघा. सपाट चमचा म्हणजे ४ ग्रॅम. दिवसाला तीन कप, कपात दोन चमचे: २४ ग्रॅम इथेच संपले. शीग लावून घेतला तर चमचा सहज ६ ग्रॅमवर जातो, आणि ‘दोनच चमचे घेतो’ म्हणणारे फसतात ते इथे. म्हणून चमचा सुरीच्या पाठीने सपाट करा. दोन आठवडे दीड चमचा, पुढचे दोन एक, मग अर्धा. एकदम शून्यावर आलात तर चहा बेचव लागतो आणि चौथ्या दिवशी डबा पुन्हा उघडतो. जिभेला वेळ लागतोच.

चार वाजताची तल्लफ बहुधा दुपारच्या जेवणात ठरते. जेवण हलकं, प्रथिनं नावालाच, मग पाच तासांची पोकळी. कडधान्य, अंडी किंवा दही वाढवा. गोड खायचंच असेल तर जेवणानंतर, वाटीत काढून. पुड्यातून खाल्लं की मोजमाप राहत नाही. अचानक उसळी आली तर १५ मिनिटं झपाझप चाला. चॉकलेटची तल्लफ त्याने कमी होते, हे तपासून पाहिलेलं आहे. आणि झोप: २००४ च्या एका अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी चढलं आणि गोडाची इच्छाही वाढली.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र थरथर, घाम आणि गोडाची ओढ एकदम आली तर चालायला जाऊ नये. लगेच रक्तातली साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे चार सपाट चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.