‘टेक’ म्हणजे नुसतं ‘घेणे’ नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

चिनी विद्यार्थी ‘टेक’ या इंग्रजी क्रियापदाशी कुठे कुठे अडखळतात, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “बाई, ‘टेक’ म्हणजे ‘घेणे’, चिनीत ‘ना’. एवढं सांगितलं की विद्यार्थ्याचं काम भागतं, बाकी सगळं पांडित्य. भाषा याद्या करून येत नाही, वाचून येते. ‘दाय’चं तुम्ही ‘ताय’ केलंय, यावरूनच तुमचं चिनी कळतं. आणि मराठी वाचकाला या चिनी भानगडीचं काय करायचंय?”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण शाळेतली मुलं मला ‘बाई’ म्हणायची तेव्हा त्यात मान असायचा. तुम्ही तोच शब्द हिणवायला वापरलाय, आणि ते मला आवडलेलं नाही. ‘यावरूनच तुमचं चिनी कळतं’ असा निकाल देण्याआधी, मी ते कुठे आणि कुणाकडे शिकले, एवढं तरी विचारायचं होतंत. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं चीनमधल्या सुझौ शहरात राहत होतो. शेजारच्या मुलीला मी संध्याकाळी इंग्रजी शिकवायची आणि तिची आई मला चिनी. ती स्वतः प्राथमिक शिक्षिका. उच्चार चुकला की पुढचा शब्द नाही, असा तिचा खाक्या. माझं चिनी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घोटून घेतलेलं आहे.

म्हणून ‘ताय’चं, म्हणजे ‘सोबत घेणे’ या चिनी शब्दाचं, आधी निकालात काढते. रोमन लिपीत तो शब्द ‘डी’ने लिहितात, म्हणून आपण ‘द’ वाचतो. चिनी माणूस तिथे ‘द’ म्हणत नाही. तो अघोष, अल्पप्राण उच्चार आहे, म्हणजे आपला ‘त’. आणि रोमनमध्ये ‘टी’ असतो तिथे महाप्राण, आपल्या ‘थ’च्या जवळचा. आपल्या वर्णमालेत हा फरक आयता आहे. तो सोडून रोमन स्पेलिंगच्या मागे का जायचं? एक मात्र मान्य करते : लेखात मी शब्दांचे सूर, म्हणजे ज्याने चिनीत अर्थ बदलतो तो आवाजाचा चढउतार, लिहिले नाहीत. ‘ना’ दुसऱ्या सुरातला, ‘ताय’ चौथ्या. पुढच्या लेखापासून सूर देईन.

आता तुमचं मुख्य वाक्य. ‘ना’ सांगितलं की काम भागतं? ‘ना’ म्हणजे हाताने घेणं, हातात धरणं. टेबलावरचा पेला घे, पेन घे, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण पुढच्याच वाक्यात औषध आलं की ‘ना’ संपलं. चिनीत औषध ‘खातात’, गोळी असो की काढा. म्हणून विद्यार्थी बेधडक ‘ईट मेडिसिन’ लिहितो. आपल्या मुलांकडून ही चूक सहसा होत नाही, कारण मराठीत आपण औषध घेतोच. चिनीत बसने जायचं तर बस ‘बसतात’, म्हणून ‘सिट द बस’. फोटोसाठी जे क्रियापद आहे, ‘फाय’, त्याचा मूळ अर्थ थाप मारणे. परीक्षेत चिनी विद्यार्थी ‘भाग घेतो’, म्हणून त्याच्या वहीत ‘जॉइन द एक्झाम’ दिसतं. तिथे मात्र आपणही फसतो : आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून आपली मुलं ‘गिव्ह द एक्झाम’ म्हणतात. इंग्रजी कान असलेल्या माणसाला वाटतं, हा परीक्षक दिसतोय. चूक एकाच जागी, पण दोघांची वाट वेगळी. ‘टेक म्हणजे घेणे’ हे सूत्र दोघांनाही तिथे काडीचं उपयोगी पडत नाही.

वेळेचं तर विचारूच नका. चिनीत वेळ आणि पैसा दोन्हींना एकच क्रियापद चालतं, ‘ह्वा’. त्यामुळे तिथल्या माध्यमिक शाळेत ‘स्पेंड, कॉस्ट, टेक, पे’ ही चौकडी एकत्र घोकवतात आणि प्रश्नपत्रिकेत रिकाम्या जागेसाठी हेच चार पर्याय समोर ठेवतात. ‘इट टेक्स’ची वाक्यरचना मुलांना गणिताच्या सूत्रासारखी पाठ असते. तरी बोलताना ‘आय टेक टू आवर्स’ निघतंच, कारण चिनी वाक्यात वेळ घालवणारा माणूस कर्ता असतो. मराठीत ‘मला दोन तास लागतात’ म्हणताना तो माणूस आधीच बाजूला झालेला असतो, म्हणून आपल्याला हे सोपं जातं. काओखाओत, म्हणजे आपली वर्तमानपत्रं ‘गाओकाओ’ छापतात त्या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेत, बहुतेक ठिकाणी 750 पैकी 150 गुण इंग्रजीचे असतात. त्या मुलांना हे पांडित्य वाटत नाही.

आणि पांडित्य म्हणायचंच असेल तर तुमची रीत उलटी लावून बघा. चिनीत ‘ता’ म्हणजे मारणे. तिथे फोन ‘मारतात’, इंजेक्शन ‘मारतात’, इथवर मराठी माणूस मान डोलवेल. पण टॅक्सीही ‘मारतात’, नळावरून पाणी ‘मारून’ आणतात, पावसात छत्री ‘मारतात’ आणि स्वेटरही ‘मारतात’, म्हणजे विणतात. ‘ता म्हणजे मारणे, एवढ्यावर भागतं’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला शिक्षक म्हणाला असतात का? किंवा एखाद्या चिनी माणसाला ‘लागणे म्हणजे स्पर्श होणे’ एवढंच सांगा आणि मग भूक लागली, नोकरी लागली, ठेच लागली, परीक्षेचा निकाल लागला, ही चार वाक्यं त्याच्यापुढे ठेवा.

यादी मी कुठून आणली, तेही सांगते. त्या मुलीच्या पाठ्यपुस्तकात एका पानावर ‘ब्रिंग, टेक, कॅरी, फेच’ बाणांनी दाखवले होते : इकडे येणारा, तिकडे जाणारा, बिनदिशेचा, आणि जाऊन परत येणारा. बाण तिला तोंडपाठ, चाचणीत पैकीच्या पैकी. एका संध्याकाळी बाहेर पाऊस, तिचे बाबा दारात बूट चढवत होते, आणि ही माझ्यासमोर इंग्रजीची ऐट म्हणून ओरडली, “ब्रिंग युवर अम्ब्रेला!” बाबा जाणार होते, येणार नव्हते. पण चिनीत अशा वेळी नुसतं ‘ताय’ म्हणतात. येणं-जाणं दाखवायचं असेल तर मागे ‘लाय’ किंवा ‘छ्यू’ लावायचं, अगदी आपल्या ‘घेऊन ये’, ‘घेऊन जा’सारखं. नाही लावलं तरी अडत नाही. आपणही दारातून ‘छत्री घे’ एवढंच ओरडतो. इंग्रजी मात्र दर वेळी दिशा विचारतं. मी तिला बाण सोडून ‘ताय-छ्यू’ आधी मनात म्हणायला लावलं, मग ‘टेक’. हळूहळू बसलं. लेखातला एकेक अर्थ असाच कुठल्यातरी चुकीतून आलेला आहे. तो शब्दकोशातून उतरवलाय असं तुम्ही कशावरून धरून चाललात?

याद्या की वाचन हा वाद मला इथे घालायचा नाही. वाचा, भरपूर वाचा, कोण नको म्हणतंय? तो वेगळा विषय आहे आणि त्यावर तुम्ही स्वतः लिहा. मराठी वाचकाचं काय, याचं उत्तर वर ‘गिव्ह द एक्झाम’मध्ये आलंय, शिवाय चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी, नोकरी करणारी मराठी माणसं हा ब्लॉग वाचतात आणि त्यांचे प्रश्न मला येत असतात.

पुढचा लेख ‘गेट’वर आहे. मुद्दा असेल तर जरूर लिहा, माझं चिनी काढणार असाल तर चिनीतच लिहा. मी उत्तर देईन.