न्हाणीतल्या टाइल्स आणि मोठ्या आईचा खुबा

घाटंजीकडच्या आमच्या गावी मोठी आई परवा पहाटे न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. दिवाळीपूर्वी जुनी खडबडीत फरशी उखडून तेथे चकाकणाऱ्या टाइल्स बसवल्या, तेव्हाच भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडा लावा, असे मी बजावले होते. त्यावर मिस्त्री म्हणाला, "एवढ्या महागाच्या टाइलीले भोकं पाडू का? सारी शोभा जाईन ना जी." घरातल्या कर्त्या पुरुषांनी त्याला दुजोरा दिला. ज्या जागेत ओल्या पायांनी म्हातारीला दिवसरात्र ये-जा करावी लागते, तेथली शोभा नेमकी कोणासाठी जपली? काल तोच मिस्त्री दवाखान्यात येऊन तिलाच विचारतो, "मोठ्या आई, या वयात अंधारात उठाचं कायले?"

ती अंधारात उठते, कारण तिला रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी सुरू आहे. अशा गोळ्यांवर असलेला माणूस एकदम उभा राहिला, तर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून आधी बाजेच्या काठावर थोडे बसावे आणि मग उठावे, हे तिला आजवर कोणीही सांगितले नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, ओसरीतला दिवा कधीचा गेलेला आहे आणि वीज तर आमच्याकडे केव्हाही जाते. एवढे सगळे समोर दिसत असताना "वय झालं, पडायचंच" म्हणणाऱ्यांची मला मनस्वी चीड येते.

हीच बेफिकिरी गावभर आहे. बारा हजारांच्या अनुदानातून बांधलेले कितीतरी संडास उंच जोत्यावर आहेत, पण पायऱ्यांना कठडा नाही आणि आत उकिडवे बसून उठताना धरायला काही नाही. गुडघे गेलेल्या माणसाने तेथे कसे बसावे, हा प्रश्न बांधणाऱ्याला पडलाच नाही. 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी राज्याच्या वयोश्री योजनेतून 3,000 रुपये मिळू शकतात. आमच्या घरी तिचा अर्ज भरायला कोणालाच सवड झाली नाही.

ती पडल्यावरही नातेवाइकांनी आधी तेल चोळणाऱ्याला बोलावले! खुबा मोडला असेल तर चोळणे घातक असते आणि शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी लागते, कारण म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो. यवतमाळला न्यायचे ठरेपर्यंत दुपार झाली होती.

आणि तिच्या जुन्या काठीच्या टोकाचे रबर झिजून खालचे लोखंड टाइल्सवर सरकत होते, हे सर्वांना ठाऊक होते. ते रबर तालुक्याच्या दुकानात मिळते, पण तेवढ्यासाठी घरातल्या दोन मोटारसायकलींपैकी एकही कधी निघाली नाही.