हाडवाले

किटलीचं झाकण बिजागरीतून निखळलं होतं, एवढंच. नवी खिळी घालायची, दहा मिनिटांचं काम. म्हणून परवा सराफ बाजारात गेलो आणि नवं नाव घेऊन परत आलो.

किटली चांदीची, बर्मिंगहॅमची, १८९६ सालची. देवळाली कॅम्पातल्या एका भंगारवाल्याकडे पितळी नळांच्या ढिगात सापडली होती. अशा सहा आहेत माझ्याकडे. आई त्यांना 'तुझी ती बिनचहाची भांडी' म्हणते, कारण त्यांत आजवर चहा झालेला नाही. चहा पातेल्यात होतो, आलं ठेचून.

शेठनी किटली हातात घेतली आणि तशीच काट्यावर ठेवली.

"तीनशे दहा ग्रॅम. मोडायचीय?"

"नाही, दुरुस्त करायचीय."

"मूठ काढून वजन केलं तर बरोबर भाव सांगता येईल."

"भाव नकोय. खिळी हवीय."

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. घरी नीट खायला-प्यायला मिळतं ना, असं काहीसं त्या नजरेत होतं.

शेजारी एक काका बसले होते. नातवाचे वाळे आत पॉलिशला गेले होते आणि काका मोकळे होते. सराफाच्या गादीवर मोकळा बसलेला म्हातारा म्हणजे फुकटचा वकील.

"झारी का?"

"किटली."

"ती नाकात पाणी घालायची?"

"चहाची."

काकांचा विश्वास बसला नाही. त्यांचं तरी काय चुकलं? १६७० सालची चांदीची एक किटली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ती दिसते थेट कॉफीपात्रासारखी. चहाची आहे हे कळतं ते तिच्यावर तसं कोरून ठेवलंय म्हणून. त्या काळच्या साहेबालाही माझ्यासारखेच काका भेटले असणार.

"पण चांदीत चहा म्हणजे चटका बसत असेल हो."

इथे गप्प बसता आलं असतं. पण चार वर्षांत माझ्या किटल्यांबद्दल कुणी आपण होऊन काही विचारलेलं नव्हतं. आमच्या घरात तर पाहुण्यांना आधी सांगून ठेवतात, त्याला त्यातलं काही विचारू नका म्हणून. तेव्हा मी सुटलो. सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत चांगली वाहून नेते ती चांदी, म्हणून मुठीला दोन ठिकाणी छेद देऊन मध्ये या पांढऱ्या चकत्या बसवतात, उष्णता तिथंच अडते, हात भाजत नाही. लावून बघा बोट.

काकांनी बोट लावलं. "कशाच्या आहेत?"

"हस्तिदंताच्या."

"हस्तिदंत!" काका हे मला म्हणाले नाहीत, दुकानाला म्हणाले. "बंदी आहे ना त्याला? माझा साडू वनखात्यात होता. त्यानं एकाला नुसत्या कंगव्यावरून उचलला होता."

पैंजण बघणाऱ्या दोन मुली थांबल्या. शेठनी काट्यावरचा हात काढून घेतला. मला घाम फुटला.

"नाही नाही, हाड असेल. पुष्कळदा साध्या हाडाच्याच असतात."

"कशाचं हाड?"

आता हे खरोखर कुणाला माहीत असतं? काकांनी मात्र मान हलवत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "विलायतेत... कशाचं... असणार?"

पलीकडे एक मावशी देवाचे टाक करून घ्यायला आल्या होत्या. सप्तशृंगी, खंडोबा आणि आणखी तीन, लाल कापडावर ओळीनं मांडलेले. ते कापड माझ्या किटलीपासून वीतभर लांब होतं. मावशींनी ते हातभर लांब ओढलं.

"शेठ, हे याच काट्यावर तोलले का हो?"

"आधी तोलले, मावशी. आधी."

"मी गंगेवर नेऊन धुतेच. पण तुम्ही काटा पुसा."

आणि शेठनी माझ्यादेखत काटा पुसला. दोनदा.

या गडबडीत दुकानातल्या पोऱ्यानं किटली आत नेऊन तिचा कस काढला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. किटली आली की कस काढायचा, एवढंच त्याला ठाऊक. बूड घासलं, आणि बरोब्बर शिक्के होते तिथेच घासलं. चार शिक्के होते: कारागिराचा, चालता सिंह, सालाचं अक्षर आणि नांगर. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. त्या गावाचा समुद्राशी संबंध आपल्या सटाण्याइतकाच. पण १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्डला स्वतःचे शिक्के मिळाले, तेव्हा दोन्हीकडची मंडळी लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खाणावळीत जमायची आणि तिथं नाणं उडवून एकानं मुकुट घेतला, दुसऱ्यानं नांगर, असं सांगतात. ही गोष्ट मला फार आवडते. आता माझ्या नांगराला एकच फाळ आहे.

"अहो, शिक्के होते तिथे!"

"ब्याण्णव निघाली," पोऱ्या अभिमानानं म्हणाला.

"साडेब्याण्णव! तो सिंह त्यासाठीच असतो!"

"असेल," शेठ म्हणाले. "पण त्या सिंहाला इथं कोण ओळखतं?"

आपल्याकडे सोन्यावर हॉलमार्क सक्तीचा व्हायला २०२१ साल उजाडलं. माझ्या किटलीवर तो सव्वाशे वर्षांहून जास्त होता, परवा सकाळी अकरापर्यंत. हे मी शेठना बोललो नाही. रात्री अंथरुणात बोललो, चांगलं मुद्देसूद. दुकानात फक्त "बरं, खिळीचं काय?" एवढंच तोंडातून निघालं.

"ते काम आता कोण करतंय? तांबट आळीत विचारा. कसाचे पन्नास द्या."

दिले. पावती मागितली, तर ती पन्नासाची कसली असते म्हणाले. किटली पिशवीत कोंबली आणि दहीपुलाकडे तरातरा निघालो. अपमान झालेला माणूस चालतो भराभर, पण लोक ओळखतात. भर गर्दीत मागून हाक आली.

"ओ हाडवाले!"

मी वळलो नाही. का वळावं?

"अहो हाडवाले! झाकण राहिलं!"

एक रिक्षावाला वळला, फुलवाली वळली, मग मला वळावंच लागलं. काका धापा टाकत येत होते. झाकण त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यात, दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरलं होतं.

मी थँक्यू म्हणालो.