मी परका, म्हणून गुलमोहर आपला?

भावाच्या सोसायटीत पुनर्विकासानंतर नवी झाडं लावायची आहेत. यादीत गुलमोहर, टबेबुया आणि कोनोकार्पस. मी घरच्या ग्रुपवर ताम्हण, बहावा, करंज सुचवले, तर भावाने लिहिलं, "दादा, तू स्वतः परदेशात रुजलास आणि गुलमोहराला परका म्हणतोस?" मला ते लागलं.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, टबेबुया अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातला. हे सांगणं म्हणजे त्यांची हेटाळणी नव्हे. देवळापुढचा पांढरा चाफाही अमेरिका खंडातूनच आला, आणि तो तोडा असं मी कधीच म्हणणार नाही. प्रश्न नव्या खड्ड्याचा आहे. 'इतकी वर्षं राहिला की आपलाच' हे माणसाला लागू पडतं. माणूस भाषा शिकतो, नाती जोडतो. झाडाचं तसं नाही. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट फुलपाखराची अळी वाढते, करंजावर कॉमन बँडेड ऑलची. त्यांना टबेबुयाची पानं चालत नाहीत. आणि अळ्याच नसतील तर बुलबुलाने पिल्लांना भरवायचं काय?

इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात हे कोणाच्या आवडीनिवडीवर सोडलेलं नाही. वसंतात पांढराशुभ्र फुलणारा, मूळ चीनचा कॅलरी पेअर वर्षानुवर्षं रस्तोरस्ती लावला. तो पडीक शेतांत पसरला, आणि फेब्रुवारी २०२४ पासून त्याची विक्री बंद आहे. १७८४ मध्ये फिलाडेल्फियात हौसेने आणलेलं ट्री ऑफ हेवन आज रुळांच्या कडेने कितीही उपटलं तरी पुन्हा फुटतं. शेजारच्या डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी सांगतात की ओकवर शेकडो जातींच्या अळ्या जगतात, आणि लोक ऐकून अंगणात ओक लावतात. आपल्याकडे ऐकायची तयारी का नाही? गुजरातने २०२३ मध्येच कोनोकार्पसवर बंदी घातली, तरी तो आपल्या यादीत!

भावाचं एक खरं. इथला रेडबड, वसंतात गुलाबी फुलणारं झाड, मला आवडतो, पण त्याचं नाव मी पाटीवर वाचून शिकलो. पळस, काटेसावर मला कोणी शिकवले नाहीत. परत आलो की ओळखीचं काहीतरी फुललेलं दिसावं, तिथे अजून माझं कोणी आहे असं वाटावं, म्हणूनही मी भांडतो. हा स्वार्थच आहे. पण त्याने अळीचं गणित बदलत नाही.

कुंपणाकडेला जागा अरुंद आहे, तेव्हा काटेसावर नको, ती फार मोठी होते. तिथे बहावा आणि ताम्हण लावा. ताम्हण तर आपलं राज्यफूल. गेटपाशी सावलीला करंज. रोपवाटिकेत रोपं नाहीत म्हणून यादी बदलू नका. बहाव्याच्या शेंगा गोळा करा, बियांचं कवच टणक असतं, ते घासून पेरा. त्यात एक पावसाळा गेला तरी चालेल.